लोरेटाचा तपकिरी डोळा

त्या जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, मूंटा गावात ऊन असं पडलं होतं की सीगल उडायचे सोडून सावलीसावलीने चालत होते. त्यातल्या एकाने पोस्टाच्या दारात मर्व्ह हॉकिंगला सरळ बाजूला सरकायला लावलं, असं मर्व्ह आजही शपथेवर सांगतो.

अशा उन्हात उना ट्रेझीस डोक्यावर टोपी न घालता इझी नॅनकिव्हेलच्या दारात येऊन उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई. छातीशी बुटाचं खोकं घट्ट धरलेलं.

इझी पूर्वी विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायची. आता खाजगी तपास करायची. मर्व्ह तिच्या बहिणीचा नवरा. तो गाडी चालवायचा, पेस्ट्या म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या करंज्या खायचा आणि इझीला जे दिसलं ते आपल्याला का दिसलं नाही याचं नवल करायचा.

"इझी, माझी लोरेटा कोणीतरी बदलली," उना म्हणाली आणि खुर्चीत कोसळली.

तिने खोकं उघडलं. आत पातळ कागदात वीतभर उंचीची बाहुली होती. मधाच्या रंगाचे केस, निळा झगा, तिरकी नजर. साठच्या दशकात अ‍ॅडलेडच्या एका कारखान्यात अशा लोरेटा बनायच्या. कारखाना कधीच बंद पडला, पण बाहुल्या जमवणाऱ्यांचा जीव अजून त्यांच्यात अडकलेला.

"सुंदर आहे की," मर्व्ह म्हणाला.

"सुंदर आहे, पण माझी नाही! माझ्या लोरेटाचा डावा डोळा तपकिरी होता. उजवा निळा, डावा तपकिरी, कारखान्यातच झालेली चूक. शिवाय पितळी डुलांनी तिचे कान हिरवे पडले होते. हिचे दोन्ही डोळे निळे आणि कान बघ, कसे स्वच्छ!"

"कारखान्यात कशी काय अशी चूक व्हायची?" मर्व्हने विचारलं.

"रंगवणाऱ्या बायका कामाची पाळी संपली की उठायच्या. अर्धी रंगवलेली डोकी तबकात तशीच. पुढच्या पाळीच्या बाईच्या वाटीत दुसराच रंग. अशा दोन-चार चुकलेल्या बाहुल्याच बाहेर पडल्या, असं ग्लेनिस म्हणते."

ग्लेनिस बोलिथो म्हणजे गावच्या बाहुली मंडळाची अध्यक्ष. उनाची एकुलती एक मैत्रीण.

"आणि तीच चोर आहे," उना म्हणाली. "शनिवारी प्रदर्शन आहे. सगळ्यांसमोर तिचं नाव घेणार मी."

इझीने बाहुली उचलून कानाशी नेली आणि हळूच हलवली.

"अगं, असं नको करू! आम्ही हातमोज्याशिवाय हातसुद्धा लावत नाही."

"काही ऐकू आलं?" इझीने मर्व्हला विचारलं.

"नाही."

मर्व्हला चर्चची घंटाही ऐकू येत नसे, तेव्हा त्याच्या नाहीला फार अर्थ नव्हता.

"उना, ही बाहुली तुझ्यासाठी काय आहे, ते सांग," इझी म्हणाली.

उनाने झग्याची चुणी बोटाने सरळ केली. "केरेन्झाची आहे. माझ्या केरीची. एकोणिसाव्या वर्षी काडिनाच्या रस्त्यावर अपघातात गेली ती. हिच्यावर माझ्या पोरीचे हात फिरलेत, इझी. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

*

उनाचं घर समुद्राकडच्या टोकाला होतं. तिचा नवरा क्लॅरी दारातच भेटला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या. शर्टाच्या खिशातून रुमालाचं टोक डोकावत होतं; त्याने मात्र बाहीने तोंड पुसलं.

"या. चहा टाकतो," एवढंच म्हणून तो आत गेला.

बाहुलीचं कपाट बैठकीत होतं. कुलूप शाबूत. किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला.

"ही जागा कोणाकोणाला माहीत आहे?"

"क्लॅरीला. ग्लेनिसला. आणि काडिनाचा तो जुन्या वस्तूंचा दुकानदार, ट्रेव्हर स्पेन्सली. नाताळात आला होता. विक म्हणून मागे लागला होता मेला. नंतर मी तीन-चार आठवडे पोर्ट पिरीला बहिणीकडे राहिले, तिचं खुब्याचं ऑपरेशन होतं. परवा आले, प्रदर्शनासाठी कपाट उघडलं आणि..." उनाने कपाटाकडे बोट दाखवलं.

भिंतीवर एक रंगीत फोटो होता. खिदळणारी सहा-सात वर्षांची मुलगी, समोरचा दात पडलेला, आणि तिच्या गळ्यात पडलेला गुरं राखणारा कुत्रा. कुत्र्याचा एक डोळा निळा, दुसरा तपकिरी.

"हा बोसन," उना म्हणाली. "दोघं एका ताटात जेवायची. तो दात पहिलाच होता. म्हटलं, पाण्याच्या ग्लासात ठेव, रात्री परी दात नेऊन नाणं ठेवेल. तर म्हणे, 'जिच्याकडे द्यायचा तिच्याकडे दिला.' पुष्कळ शोधला. शेवटी समजलो, कुत्र्याने गिळला."

फोटोखालच्या फळीवर केरीच्या वस्तू होत्या. शाळेची टोपी, शिंपले, पत्र्याची रंगपेटी. इझीने पेटी उघडली. सगळ्या वड्या जवळजवळ नव्या; तपकिरी तेवढी घासून पत्र्याला टेकलेली.

"बोसनची चित्रं काढायची," उना म्हणाली. "घरभर बोसन."

"बाहुलीचा डोळा वेगळा आहे, हे तुला कधी कळलं?"

"ती गेल्यावर. मी तेव्हा दिवसभर दुकानात उभी असायचे गं, पोरीच्या बाहुलीच्या डोळ्यात बघायला वेळ कुठला? पुढे खूप वर्षांनी मंडळात नेली. ग्लेनिस ओरडलीच, 'उना, ही कारखान्याची चूक आहे!'"

तेवढ्यात मर्व्ह न्हाणीघरातून हसत बाहेर आला. इझीला कोपराने ढोसून कुजबुजला, "पंचाहत्तरीच्या घरात मुरुमांचं मलम! म्हातारबुवांना तारुण्य फुटलंय वाटतं."

इझी हसली नाही. ती मागच्या अंगणातल्या शेडकडे गेली. उत्तरेच्या खिडकीत, जिथे दिवसभर ऊन येतं, तिथल्या फळीवर बोटभर धूळ होती. मधोमध वीतभर लांबीची एक पट्टी मात्र लख्ख होती.

*

ग्लेनिस बोलिथो प्रदर्शनाच्या सभागृहात टेबलं मांडत होती. धिप्पाड बाई, आवाज बंदरापर्यंत जाईल असा.

"उनाला वाटतं मी चोरली? मी?" ती मटकन बसली. "केरीच्या प्रेताजवळ तिच्याबरोबर मी उभी होते, इझी. क्लॅरीला चक्कर आली होती तेव्हा."

"तुला ती बाहुली हवी होती का?"

"हवी होती! मंडळात कोणाला नको होती? पण हवी असणं आणि उचलणं यात फरक आहे की नाही?"

"हिरवे कान साफ करता येतात का?"

"येतात. मुरुमांचं मलम लावायचं नि उन्हात ठेवायचं. आठवडेच्या आठवडे. हिरवं ओढून निघतं, पण कान जरा पांढरट पडतात. मंडळाच्या नाताळच्या जेवणात मी सगळ्यांना सांगितलं, पण आमच्या बायका ऐकतात कुठे? एकजात सगळ्या बोलत होत्या. ऐकत होते ते भांडी घासणारे नवरे."

"आणि चेहरा धुतला तर?"

"कारखान्याचा रंग साबणाने हलत नाही. कानाचं मलम गालावर उतरलं तर ओल्या फडक्याने बिनधास्त पुसावं. नव्या सभासदाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो आम्ही."

काडिनाच्या दुकानात ट्रेव्हर स्पेन्सली पंख्यासमोर बनियनवर बसला होता.

"मी बदलली? अहो बाई, मधाच्या केसांची दुसरी लोरेटा मला मिळाली असती, तर ती विकून मीच थंड हवेच्या गावी गेलो नसतो का?"

"मग उनाच्या मागे का लागला होतास?"

"मला तो डोळा भिंगाखाली बघायचा होता. कारखान्यातल्या बायकांचा हात घोटलेला असतो. एका फटक्यात गोल. हा डोळा मला जरा..." त्याने तळहात हलवला. "पण म्हातारीने हात लावू दिला नाही. जाऊ दे. कोणाचं स्वप्न मोडायला मला कोणी बोलावलं नव्हतं."

गाडीत मर्व्ह म्हणाला, "मला विचारशील तर ट्रेव्हरच. बनियनवर बसणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही."

इझीने खिडकीची काच खाली केली.

"मर्व्ह, यात चोर सापडला असता तर किती बरं झालं असतं."

*

संध्याकाळी उनाच्या स्वयंपाकघरात चौघं जमली होती, शिवाय ग्लेनिस. ती आणि उना एकमेकींकडे बघत नव्हत्या. क्लॅरी चुलीपाशी उभा होता. टेबलावर पेस्ट्या निवत होत्या आणि, इतिहासात प्रथमच, मर्व्हने त्यांना हात लावला नव्हता.

"उना, इथेच थांबावं असं वाटत असेल तर मी थांबते," इझी म्हणाली. "ग्लेनिसने काही केलेलं नाही, एवढ्या माझ्या शब्दावर विश्वास ठेव."

"नाही. सगळं सांग."

इझीने क्लॅरीकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"बाहुली कोणी बदललेली नाही. ही तुझीच लोरेटा आहे."

"माझी? आणि डोळा?"

"आधी कान बघ. चेहऱ्यापेक्षा पांढरट आहेत. मलम लावून उन्हात ठेवल्यावर होतात तसे. मलमाची नळी तुमच्या न्हाणीघरात आहे. शेडच्या खिडकीत बाहुलीएवढी जागा धुळीत स्वच्छ राहिलीय. तू पोर्ट पिरीला होतीस तेव्हा लोरेटा तिथे ऊन खात होती. नाताळात भांडी घासताना कोणीतरी ग्लेनिसचं बोलणं नीट ऐकलं होतं."

"क्लॅरी?" उना म्हणाली.

"तुला प्रदर्शनात..." क्लॅरी चुलीकडे वळला. "तू दर वर्षी म्हणायचीस, कान तेवढे बरे असते तर."

"मलम गालावर, डोळ्यावर उतरलं," इझी म्हणाली. "त्याने ओल्या फडक्याने पुसलं. मंडळात शिकवतात तसंच. कारखान्याचा रंग हलत नाही."

"नाहीच हलत!" ग्लेनिस म्हणाली. मग तिचा हात आपसूक तोंडावर गेला.

"नाही हलत. खालचा निळा हललाच नाही. वरचा तपकिरी गेला, कारण तो कारखान्याचा नव्हता. उना, बोसनचा कोणता डोळा तपकिरी होता?"

उना उठली, बैठकीत गेली. फोटोपुढे उभी राहिलेली तिची पाठ सगळ्यांना दिसत होती.

"डावा," ती तिथूनच म्हणाली.

"रंगपेटीतली तपकिरी वडी तेवढी संपलीय. तुझ्या पोरीने लोरेटाला बोसनसारखं केलं होतं."

उना परत येऊन बसली.

"कशावरून ही तीच? ट्रेव्हरने दुसरी आणून ठेवली असेल." ती आता वाद घालत नव्हती, विनवत होती.

इझीने गरम पाण्याचं पातेलं पुढे ओढलं. बाहुलीची मान त्यात धरली, प्लॅस्टिक मऊ झाल्यावर डोकं अलगद काढलं आणि तळहातावर उपडं करून टिचकी मारली. कापसाचा एक बोळा पडला. बोळ्यात तांदळाएवढा पिवळट दुधाचा दात होता.

"जिच्याकडे द्यायचा तिच्याकडे दिला होता," इझी म्हणाली. "सकाळी हलवली तेव्हा आत काहीतरी सरकलं. इथला फोटो बघितला, तेव्हा कळलं."

उनाने दाताला हात लावला नाही. ती बिनडोळ्यांच्या माणसासारखी टेबल चाचपत राहिली.

"तिचा हात होता तो," ती हळूच म्हणाली. "तिने रंगवलेला. आणि मी सगळ्या जगाला सांगत सुटले, कारखान्याची चूक, कारखान्याची चूक. हा तिचा हात आहे असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्या डोळ्याला वारासुद्धा लागू दिला नसता."

"पहिल्यांदा मीच म्हणाले तसं," ग्लेनिस म्हणाली. तिचा तो बंदरापर्यंत जाणारा आवाज टेबलापलीकडेही पोचला नाही.

मर्व्हला राहवेना. "पेटी आहे ना? थोडा रंग उरला असेल कडेला. आपण परत..."

"नको रे, बाळा," उना म्हणाली. "तो तिचा नसेल."

इझी क्लॅरीकडे वळली. "क्लॅरी, एवढ्या उन्हात तू बाहीने घाम पुसतोस आणि रुमाल मात्र खिशात ठेवतोस. मला वाटतं, तो तिला द्यावास."

क्लॅरीने खिशातून पांढरा रुमाल काढला. टेबलावर ठेवून त्याची घडी उलगडली. मधोमध एक डाग होता, मसुरीच्या दाण्याएवढा, तपकिरी.

"याच रुमालाने पुसलं, मग बघितलं," तो म्हणाला. "परत लावता येईना. सांगताही येईना, उना."

उनाने रुमाल हातात घेतला. लग्नापासून या माणसाचे रुमाल तिनेच धुतले होते, उकळत्या पाण्यात, निळीत, शर्टांच्या कॉलर नि बाह्यांसकट. हा तिने खिडकीच्या उजेडात धरला. मग दात डागाशेजारी ठेवला आणि होती तशीच घडी घातली.

"क्लॅरी," ती म्हणाली, "हा धुवायच्या कपड्यांत जाऊ देऊ नकोस."

"नाही जाऊ देणार."

शनिवारी प्रदर्शनात कारखान्याच्या चुकांच्या टेबलावर एक जागा रिकामी राहिली. ग्लेनिसने तिथे कोणालाही दुसरी बाहुली ठेवू दिली नाही.