डावीकडचा खालचा कोपरा

पंच फारच शहाणा आहे, हीच मुळी तक्रार होती. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या पुढ्यात, गुडघ्यापासून छातीपर्यंत, हवेत एक चौकट असते. ती कुणाला दिसत नाही. चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल, आणि ते ठरवतो मागे वाकून उभा राहिलेला पंच. व्हिडिओ गेममधला हा पंच कधी म्हणजे कधीच चुकत नसे. "हा माणूस आहे की फूटपट्टी गिळलेला पुतळा?" असं खेळणारे लिहून कळवायचे. गेम बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "ह्याला जरा माणसात आण."

चौकटीचं सगळं काम तिच्याकडे, म्हणून ऑफिसात तिला चौकटबाईच म्हणत. तिनं मामाला आणलं. आईवडिलांच्या मागे तिला वाढवणारा हा मामा जन्मभर मैदानावर पंच होता आणि आता घरी खुर्चीत बसून बातम्यांशी भांडायचा. भिंतीएवढ्या पडद्यासमोर तो जाळीचा मुखवटा चढवून वाकला. पडद्यातून चेंडू येत राहिले, तो "स्ट्राइक!", "बॉल!" असं ओरडत राहिला. त्याचा आवाज आणि त्याचे निर्णय, एवढंच तिनं यंत्राला शिकवायला घेतलं. अटीतटीचा चेंडू आला की निर्णय देऊन तो उजवा गुडघा चोळायचा.

"दुखतोय का, मामा?"

"गुडघा नाही गं. कुणा पोराला उगीच बाद दिलं असेल, ते दुखतं."

गेम बाजारात आला आणि लोक खूश झाले. आता पंचाशी भांडता येत होतं, त्याला शिव्या घालता येत होत्या. मग एका दुपारी तिला पडद्यावरचा पंच उजवा गुडघा चोळताना दिसला. हालचाली काढणाऱ्या चित्रकारानं कानांवर हात ठेवले. "मी नाही बाई केलं. तूच काहीतरी घातलं असशील." तिनं काही घातलं नव्हतं. तरी तिला गंमतच वाटली, घरी जाऊन तिनं ती मामाला सांगितलीसुद्धा.

पुढची तक्रार चौकटीची होती. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून गेलेला प्रत्येक चेंडू पंच बॉल ठरवत होता. मामानं त्या कोपऱ्यात एकही चूक केली नव्हती. तिनं डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं, कुठे काही सापडलं नाही. साहेब हसले. "अगं, म्हणून तर तो खरा वाटतो. असू दे तो कोपरा."

त्याच आठवड्यात जेवताना मामाचा हात लागून पेला कलंडला. ताटाच्या डावीकडे, त्याच्या अगदी जवळ ठेवलेला.

"हा इथे कधी ठेवलास?" मामानं विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या नजरेचा नकाशा काढून तिच्यापुढे ठेवला. पांढऱ्या गोलात डावीकडे खाली काळा डाग होता. डोळे तर चांगले आहेत, म्हणाले, मग दिसत का नाही ते सांगता येत नाही. तिनं तो आकार ओळखला.

ऑफिसात येऊन तिनं कोपरा दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेलेला होता, आणि वरचाही. तिनं जुना, फूटपट्टीवाला पंच परत बसवून पाहिला. सकाळी पडद्यावर त्याच्या जागी मामाच वाकून उभा होता, गुडघा चोळत. आणि घरी खरा मामा चाचपडत चालायला लागला होता.

"तो पंच मामाची नजर खातोय. अख्खा गेमच काढून घ्या," ती साहेबांना म्हणाली आणि रडायलाच लागली.

साहेबांना तिचं एक अक्षर पटलं नव्हतं. पण चौकट एवढीशी झाल्यावर लोकही कुरकुरायला लागले होते. शेवटी ते पंच तेवढा काढायला तयार झाले. सगळ्या घरांतल्या गेममधून तो पंच पुसून टाकणारी नवी आवृत्ती त्या संध्याकाळी निघाली.

कितीतरी दिवसांनी तिचं मन हलकं झालं. येताना वाटेत ती केस कापायला थांबली. कमरेपर्यंतचे केस तिनं खांद्यापर्यंत करून घेतले, कुणाला न सांगता, सहज.

मामा खिडकीकडे तोंड करून, दाराला पाठ करून बसला होता. गेल्या दोन दिवसांपासून त्याला खिडकीही दिसत नव्हती. तिनं आवाज न करता टीव्हीवर गेम लावला. तो पंच पुसला जाताना तिला एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

गोलंदाज तयार होता. पंच वाकला नाही.

तो सरळ उभा राहिला आणि पडद्यातून बाहेर बघू लागला. तिच्याकडे.

"केस कापलेस होय गं?" खुर्चीतून मामा म्हणाला. त्याची पाठ तशीच होती. "शोभतात हो तुला."

तिचा हात केसांकडे गेला.

"किती दिवसांनी दिसलीस! इकडून सगळं छान दिसतं बघ. किती घरं, किती माणसं. आत्ता मात्र एकेक घर बंद व्हायला लागलंय."

पडद्याच्या तळाशी अक्षरं आली. नवी आवृत्ती बसवली जात आहे. एक पट्टी डावीकडून भरत चालली होती.

तिनं इंटरनेटची वायर उपटली. पट्टी पुढे सरकत राहिली.

"मामा, मला माहीत नव्हतं... मामा!"

"समोरून हलू नकोस. बघू दे नीट." पट्टी भरत आली होती. "दिवा मंद केलास का गं?"

तिनं छताकडे पाहिलं. दिवा लख्ख पेटलेला होता.

"हो मामा," ती म्हणाली. "मीच केला."