धरलेली जागा

विद्यार्थ्यांना इथे परदेशात संग्रहालयं फुकट आणि ऑपेराचं उभ्यानं बघायचं तिकीट स्वस्तात. फुकट म्हटल्यावर मी कसली सोडते! शिवाय फोनवर ताईचं टुमणं होतंच. "खोलीत कोंडून घेऊ नकोस. बाबा गेले तेव्हा आली नाहीस, रडलीही नाहीस. निदान चित्रं तरी बघ."

बघितली. काही वाटलं नाही. त्यापेक्षा माणसं बघावीत. चित्राकडे ओझरतं बघतात, शेजारची पाटी मात्र मन लावून वाचतात.

समुद्राच्या एका भल्यामोठ्या चित्रासमोरचा बाक गच्च भरला होता. मधली एकच जागा मोकळी. तिच्यावर रुमाल. निळ्या चौकटींचा, त्रिकोणी घडी, टोक आत खोचलेलं.

बाबा अशीच घडी घालायचे. बस असो, दवाखाना असो, पुढे धावून रुमाल टाकायचे, आम्हाला बसवायचे आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभे राहायचे. "धरलेली जागा आहे," असं बजावताना तेवढ्यापुरते जहागीरदार व्हायचे.

मी रुमाल उचलून बसले. बाक कोमट होता. निळे रुमाल जगात काय कमी आहेत?

ऑपेरात आम्हा उभ्यांची एक रीत आहे. मध्यंतरात कंटाळलेले श्रीमंत घरी जातात आणि त्यांच्या खुर्च्यांवर आम्ही झडप घालतो. एका दुपारी मला उशीर झाला. सगळं भरलेलं. एका खुर्चीवर तेवढा रुमाल.

दारावरची बाई वाकून कुजबुजली, "तुमचे वडील का ते? मागे उभे होते. बसा म्हटलं, तर तुमच्याकडे बोट दाखवलं."

मी वळून पाहिलं. भिंत होती.

मग आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

"येतेस?" ताईनं विचारलं.

"परीक्षा आहे."

"असणारच. बाबांच्या वेळीही होती."

ऑपरेशनच्या दुपारी खोलीत बसवेना, म्हणून ऑपेराला गेले. मध्यंतरानंतर शेजारीशेजारी दोन खुर्च्या मोकळ्या होत्या.

दोन रुमाल.

एक उचलून मी बसले. दुसऱ्याकडे बघत राहिले. बाबा जागा धरायचे ती फक्त घरच्या माणसासाठी. ताई तिकडे दवाखान्यात, धडधाकट.

घंटा झाली. दिवे मंदावले.

मी दुसराही रुमाल उचलून मुठीत धरला. एक वयस्कर गृहस्थ धापा टाकत आले.

"मोकळी आहे का?"

"हो. बसा ना."

मागे भिंतीपाशी कोणीतरी खाकरलं. धरलेल्या जागेवर परका बसला की बाबा असंच खाकरायचे.

मी वळले नाही.

पडदा पडला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. फोन थरथरला.

"झालं गं व्यवस्थित!" ताई रडत हसत होती. "आईनं डोळे उघडले. आणि पहिलं काय बोलली असेल? म्हणे, 'यांनी जागा धरली होती, कुणीतरी आधीच बसलं.' भुलीत काहीही बडबडतात बघ. ऐकतेयस ना? टाळ्या कसल्या गं?"

"संपलं," मी म्हणाले.

शेजारचे गृहस्थ अजून बसलेलेच होते. दारावरची बाई त्यांच्या खांद्याला हात लावून पुन्हा हाक मारत होती.

मी मांडीवर रुमाल पसरला आणि घडी घातली. त्रिकोणी. टोक आत.