लिंबाखालचं पहिलं सीताफळ

शहजादीनं डोक्यावरची पाटी उतरवली आणि ती तिथंच थबकली. बांधावरच्या कडुलिंबाखाली कुणीतरी उभं होतं. पांढरी दाढी, चष्मा, हातात काढून धरलेल्या चपला... आणि नजर शिळेवरच्या सीताफळावर.

"भूक लागली आसंल तर खावा की," ती लांबूनच म्हणाली. "वाटसरूसाठीच हाय ते."

माणूस वळला आणि हसला. हसताना वरचा एक दात किंचित पुढं आला. बाकी सगळं म्हातारं झालं होतं, तेवढं हसणं राहिलं होतं.

"मागं खाल्लं तेव्हा तर आकडी घेऊन अंगावर आली होतीस," तो म्हणाला.

शहजादीनं पदर सावरला. इतक्या वर्षांनी... हबीब!

तेव्हा हबीब सिरसाळ्यातल्या सायकल दुरुस्तीवाल्याचा पोरगा होता. नुकताच मदरशातून शिकून आलेला, त्यामुळं हे चूक, ते गुन्हा, असं सगळ्या गावाला सांगत फिरायचा. बागेच्या बांधावरच्या या शिळेवर तर त्याचा फारच राग. शहजादीचा बाप हंगामातलं पहिलं पिकलेलं सीताफळ 'बिस्मिल्ला' म्हणून शिळेवर ठेवायचा. शेजारच्या रानातली छबुबाई त्याच शिळेला हळदकुंकू लावून ज्वारीचं पहिलं कणीस ठेवायची. शिळा कुणी मांडली, कधी मांडली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मशिदीच्या आधीची, देवळाच्याही आधीची, एवढंच सगळे सांगत.

एके सकाळी हबीब आला आणि सगळ्यांदेखत ते सीताफळ फोडून खाऊ लागला. शहजादी फळं पाडायची आकडी घेऊन धावली.

"खाल्लंस कावून?"

"दगडाला भूक नसते, म्हणून."

"दगडासाठी ठिवलंय कोन? ज्याला रान न्हाई, झाड न्हाई, त्याच्यासाठी असतं ते. घरच्या मानसानं पहिलं फळ खायचं नसतंय. पाव्हण्यानं खायचं."

"म्हणजे... माझंच होतं?"

"तुझंच होतं! उगं चोरासारखं खाल्लंस."

हबीब तसाच उभा. ओठाला पांढरा गर लागलेला, तोंडात बिया, आणि त्या थुंकाव्यात कुठं ते कळेना. शहजादीला इतकं हसू आलं की आकडी हातातनं गळाली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "दुसरं फळ कुणाचं असतं?" त्यानं विचारलं.

"दुसरं घरच्यांचं."

"मग मी थांबतो. बघत बसतो."

तो हंगामभर बघत बसला. ती झाडावर आकडी लावायची, तो खाली सदऱ्याचा झोळ धरायचा. फळ झोळात कमी आणि त्याच्या डोक्यावर जास्त पडायचं. मुद्दाम पडायचं... दोघांनाही ते माहीत होतं. बोलायचं ते मात्र राहून गेलं. हबीब पुढं शिकायला हैदराबादला गेला, आणि तिचं लग्न नांदूरघाटला झालं. नवरा वारल्यावर ती बापाच्या बागेत परत आली. हबीब हैदराबादेतच मास्तर झाल्याचं, पुढं त्याची बायको गेल्याचं, तिच्या कानावर आलं होतं.

"आता काय शिकवता सर?" तिनं विचारलं. 'सर' म्हणताना तिचे डोळे हसत होते.

"रिटायर झालो. जन्मभर धर्मांचा इतिहास शिकवला." तो शिळेशेजारी बसला. "यहुद्यांच्या जुन्या पुस्तकात लिहिलंय, पहिली फळं टोपलीत घालून देवाच्या घरी न्या. रानाचा कोपरा कापू नका, गरिबाला राहू द्या. आपल्यातही पिकातला हिस्सा गरिबाचा. आणि ह्या पुस्तकांच्याही आधी, ज्यांचे देव आता कुणाला आठवत नाहीत, ती माणसंही पहिलं कणीस बाजूला ठेवायची. मला वाटायचं, चांगलं वागणं पुस्तकानं शिकवलं. पण पुस्तकानं ते कुठून घेतलं असेल? अशाच कुठल्यातरी बांधावरून. वर्गात हे सांगताना दर वेळी... तुझी आकडी आठवायची."

"आन् सिताफळ?"

"तेही. आणि तू."

वाऱ्यानं लिंबाची पिवळी पानं दोघांच्या मधे पडली. शहजादीनं ती उगाच एकेक वेचली.

"लई उशीर केलात," ती हळू म्हणाली. "दिवाळी झाली की माझा मुजाहिद पुन्याला न्यायला येतोय. बाग बटईनं दुसऱ्याला कसायला द्यायची ठरलीय."

"तुला जायचंय?"

"पोरगं प्रेमानं बोलावतंय. आन् हितं कोन हाय माझं?"

हबीब चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिला. पुसून झाला तरी पुसत राहिला. शहजादीनं वाट पाहिली... मग उठली. तेव्हाही हा असाच गप्प बसला होता. तिनं शिळेवरचं सीताफळ उचललं. फळाचे डोळे चांगले उघडले होते, बोट लावलं तर फुटेल इतकं पिकलेलं.

"घ्या," ती म्हणाली. आवाज जरा कोरडाच झाला होता. "पाव्हण्याचा मान हाय. खावा, आन् उन्हाच्या आत निघा."

हबीबनं हात पुढं केला... आणि तिची ओंजळ फळासकट अलगद मागं सारली.

"नको."

"कावून?"

"घरच्या माणसानं पहिलं फळ खायचं नसतंय. तूच सांगितलंस." त्याचा आवाज त्या वेळच्या पोरासारखा अडखळला. "मुजाहिदशी मी बोलेन. तू हो म्हणालीस तर... फक्त हो म्हणालीस तर."

शहजादीनं हातातल्या फळाकडं पाहिलं. मग तिनं ते पुन्हा शिळेवर ठेवलं, देठ वर करून, नीट. पाटीतलं दुसरं घेतलं, फोडलं आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

"बिया हिकडं थुंक," ती म्हणाली. "दाढीत सांडू नको."

पलीकडच्या बांधावरून छबुबाईची हाक आली. तिला आता लांबचं नीट दिसत नसे.

"शहजादे, पाव्हणं कोन आलेत गं?"

शहजादीनं तोंडातली बी काढली.

"पाव्हणं न्हाईत गं!" ती ओरडून म्हणाली.