माणिकरावांच्या बैठकीतलं चित्र

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. साल १९८५. देवगाव फाट्याजवळचं गाव. आमच्या मावशीच्या, कमलबाईंच्या घरात, तेही दिवसाढवळ्या.

मावशीचा नवरा माणिकराव म्हणजे नुसता तोरा. सरपंच झाला आणि त्याचे पाय जमिनीला लागेनात. बैठकीत घराण्याचं मोठं चित्र हवं म्हणून त्यानं परभणीहून पंडित पेंटरला आणलं.

वारलेल्या वडिलांचा, किशनरावांचा फोटो होता. आई धुरपताबाईंचा नव्हता. माणिकराव पाळण्यात असतानाच ती गेलेली. तिचा चेहरा आठवत होता एकाच माणसाला...

थोरल्या बहिणीला. बायनाबाईला. नवऱ्यानं टाकलेली ही बाई माहेरी आली आणि या भावाला तिनं कडेवर वाढवलं.

ती पेंटरजवळ बसून नाक, डोळे, कपाळ सांगत राहिली. आई उतरली. बायनाबाईला रडू आवरेना. मग हळूच म्हणाली, "मला बी बसवा की आईपाशी."

"आक्का, तू दिल्या घरची. आमच्या चित्रात तुझं काय काम?"

माणिकराव पान चघळत बोलला. लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"आवो, त्यांनीच वाढविलंय तुमाला," कमलबाई म्हणाल्या.

"तू गप बस."

चित्र लागलं. मधोमध मिशीला पीळ भरलेला माणिकराव, डावीकडे कमलबाई, मागे आईवडील.

महिन्याभरात बायनाबाई गेली. तिच्या तेराव्याला हा गडी वाढून घेऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलबाई बैठक झाडत होत्या. बांगड्या वाजल्या...

त्यांच्या हातातल्या नव्हत्या.

वर पाहिलं. चित्रात आई नव्हती.

तिच्या जागी मागचा निळा पडदा होता. डाग नाही, खोडल्याची खूण नाही. तिथं कधी कुणी नव्हतंच, असा सलग पडदा.

दिवस कलताना खोकला ऐकू आला... किशनरावांचा. सासऱ्याचं आजारपण कमलबाईंनीच काढलेलं, तो खोकला त्या कशा विसरतील?

चित्रातून वडीलही गेले होते.

गावापुढं छाती काढणारा माणिकराव चित्राकडं पाठ करून बसला. "आक्काचंच काम हाय हे. बसवून टाका तिला एकदाचं."

बहीण आठवली ती अशी. भीतीपोटी.

पंडित पेंटर पुन्हा आला. या वेळी चेहरा कमलबाईंनी सांगितला, कपाळावरच्या गोंदणासकट. बायनाबाई हुबेहूब उतरली, भावाच्या अगदी शेजारी. कमलबाईंनी हात जोडले. उशिरा का होईना, जागा मिळाली म्हणून त्यांना भरून आलं.

सगळे ओसरीवर चहाला बसले. आतून पावलं वाजली...

उंबऱ्याकडं येणारी. मग उंबरा ओलांडून, त्यांच्या मधून, बाहेर.

कुणी दिसलं नाही.

आत धाव घेतली. बायनाबाई नव्हती. ओला रंग नुकताच लावलेला. कमलबाईंनी तिथं बोट फिरवलं... पडदा कोरडाठाक.

आणि डावीकडची कमलबाईही नव्हती.

अख्ख्या चित्रात उरला होता एकटा माणिकराव, मिशीसकट.

त्यानं खऱ्या कमलबाईंचा पदर धरला. "तू तर हाईस ना गं?"

त्यांनी पदर सोडवून घेतला.

मावशी आता थकली आहे. तो विषय काढला की आधी हसते. "त्याच्यापाशी कोण बसंल? मी बी गेले त्यांच्यासंगं, ते लय बरं केलं."

मग स्वतःचे हात उलटेपालटे करून बघते.

"पर मी गेले कुठं... ते मला आजून उमगंना."