मिर्ताने पाठ फिरवली

"मिर्ता आजारी आहे! संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही, तर सरळ खाटकाकडे!" क्लाउकाकांनी निकाल दिला आणि ते निघून गेले.

लादिनानं मिर्ताच्या गळ्याला मिठी मारली. आल्प्सच्या त्या दरीत ईस्टरची सुट्टी लागली, की सारं गाव रानलसणीची पात खुडायला जंगलात जाई. अर्धी पात चर्चच्या अंगणात शिजणाऱ्या गावच्या सूपमध्ये, अर्धी शेळ्यांपुढे! मिर्ता तर त्या पातीसाठी कुंपण मोडणारी शेळी. आज मात्र काकांच्या टोपलीकडे तिनं चक्क पाठ फिरवली होती.

"आजारी? आत्ताच माझी टोपी खाल्ली तिनं!" तिचा धाकटा भाऊ ग्येरी म्हणाला.

लादिनानं स्वतः खुडलेली मूठभर पात पुढे धरली. मिर्तानं ती फस्त केली, वर बोटंही चाटली.

"बघ! पोट नाही बिघडलं. टोपलीच बिघडलीय!"

दोघांनी टोपली उपडी केली. रानलसणीचं प्रत्येक पान आपल्या वेगळ्या देठावर उभं असतं. इथे मात्र मधूनमधून बिनदेठाची, एकमेकांना बिलगलेली पानं!

"अगं ताई, ही तर शरदात जांभळी फुलं येतात ना, त्या रोपाची! विषारी!"

"आणि काकांची दुसरी टोपली... चर्चच्या अंगणात! सूपसाठी!"

दोघं धूम पळाली.

"थांबा काका! टाकू नका!"

काकांचा हात कढईवरच थांबला. "उगाच बोंबलू नका! मी पान न् पान चोळून हुंगलंय."

"मग डोळे मिटून ओळखा," ग्येरी म्हणाला आणि त्यानं काहीतरी हातात दिलं.

काकांनी चोळलं, हुंगलं. "लसूण! अस्सल!"

"आणि हे?"

"लसूणच! कोवळी!"

डोळे उघडले, तर एका हातात गवत, दुसऱ्यात पाद्रीबाबांचा हातरुमाल! अंगणभर हशा पिकला.

"पहिलं पान चोळलं, की बोटांनाच वास लागतो काका! पुढे तुम्ही नुसती बोटंच हुंगत होता!" लादिना म्हणाली.

काकांचा चेहरा बिटासारखा लाल झाला. दोन्ही टोपल्यांतली पानं त्यांनी स्वतः खड्ड्यात पुरली.

पाद्रीबाबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळांनो, देव कुणाच्या मुखानं बोलेल, सांगता येत नाही. आज तो शेळीच्या मुखानं बोलला. आम्ही मोठे बहिरे ठरलो, तुम्ही ऐकलंत!" मग त्यांनी असं काही स्तोत्र उचललं, की सारं अंगण गाऊ लागलं.

काका नवी पात घेऊन आले, ते थेट मिर्तापुढे. "बाईसाहेब, आधी तुम्ही!"

बाईसाहेबांनी अर्धी टोपली तपासून पोटात घातली. सूप जरा पातळच झालं, पण त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही!