संमतीची सही

"फोटो झकास आलेत मॅडम घराचे! तेच बघून तर शेठ आले..."

दलाल प्रितेश ओटीच्या खांबावर थाप मारत म्हणाला, आणि चहाचा ट्रे घेऊन आलेली नीरजा दारातच थांबली.

"कसले फोटो?"

त्याने मोबाइल पुढे केला. 'भिवंडीच्या जुन्या वस्तीतलं, मूळ रूपात जपलेलं माडीचं घर... विकणे आहे.' खाली ओळीने फोटो होते. चुन्याचा नवा गिलावा, माडीचा कोरीव कठडा, पुन्हा शाकारलेली कौलं... ते सगळे तिने स्वतः काढलेले! गेली सहा वर्षं शाळेतला आपला पगार आणि सुट्ट्या घालून तिने हे घर उभं केलं होतं, आणि एकेक काम पुरं झालं की धाकट्या भावाला, वरदला, फोटो पाठवला होता. तो बघायचा, पण उत्तर कधी आलं नाही. आज हे उत्तर आलं होतं!

गिऱ्हाईक हितेशशेठ छताकडे बघत होता. "सागवान एक नंबर हाय. पाडताना सांभाळून काढू. खाली गाळे, वर फ्लॅट."

"घर वरदसाहेबांचं आहे, पण राहता तुम्ही," प्रितेश हळूच म्हणाला. "म्हणून तुमची संमतीची सही लागेल. सोमवारी."

"करीन," नीरजा म्हणाली. ती माणसं गेली. नीरजा जिन्याच्या पायरीवर बसली. छपन्नाव्या वर्षी आपण कुठे जाणार, हा विचारही तिला शिवला नाही. शिवला तो फक्त सहा वर्षांपूर्वीचा दिवस.

वरदने जातीबाहेर, मानकोलीच्या आगरी घरातल्या करिष्माशी लग्न केलं आणि मुख्याध्यापक म्हणून गावाने मान दिलेल्या बाबांनी मुलाशी संबंध तोडले. पुढे ते अंथरुणाला खिळले, तेव्हा वरद धावत आला. नीरजा आनंदाने सांगायला आतल्या खोलीत गेली... आणि बाबा क्षीण पण थंड आवाजात म्हणाले, "त्याने उंबरा ओलांडला तर मी पाण्याचा घोटही घेणार नाही. माझा मुलगा मेला."

हे त्याला कसं सांगायचं? ज्या लेकराला आईविना तिने कडेवर वाढवलं, त्याने जन्मभर हे वाक्य उरात घेऊन जगायचं? नाही... नाही! ती दारात आली. "परत जा वरद. मी तुला आत येऊ देणार नाही. हा माझा निर्णय आहे."

"ताई, बाबा माझी वाट बघत असतील गं!"

तिने कडी लावली होती. चौथ्या दिवशी बाबा गेले. तिने घरातला आपला वाटाही त्याच्या नावे केला. त्याला ते पापाचं प्रायश्चित्त वाटलं. वाटू दे... निदान त्याचे बाबा तरी त्याला उरले!

सोमवारी निबंधक कार्यालयात वरद नीरजाकडे पाठ करून उभा होता, शेजारी करिष्मा आणि हितेशशेठ. केस पांढरे झाले होते त्याचे! तिला वाटलं, एकदा हात फिरवावा... पण तिने खुर्चीत बसून निमूट पेन घेतलं आणि सही केली.

"आता साक्षीदार," प्रितेशने कागद करिष्मापुढे सरकवला.

करिष्माने पेन उचललं नाही. तिचे डोळे नीरजाच्या सहीवर खिळले होते.

"कर ना सही," वरद म्हणाला. "ते दार मला जगात नकोय!"

"मी साक्ष देनार," करिष्माचा स्वर फाटला, "पन या कागदावर न्हाय! त्या दिवशी तुम्ही पुढं गेलात, मी मागं विहिरीपाशी उभी व्हते. बाबांच्या खोलीची खिडकी उघडी व्हती. मी सगलं आयकलं. ताईंनी न्हाय अडवलं तुम्हाला... बाबांनी अडवलं! मुलगा मेला म्हनाले!"

"करिष्मा!" नीरजा किंचाळली. "गप्प बस! खोटं आहे ते!"

"मी पन गप्पच बसले, ताई. माझ्यापायी झालं म्हनून... यांचं कालीज फाटेल म्हनून. पन आज तुम्ही घर सोडायची सही करताय, आन मी साक्षीदार व्हायचं? देव बघतो हाय!"

वरद भिंतीला टेकला. मग तो नीरजासमोर आला आणि लहानपणी मार खाऊन यायचा तशा तोंडाने त्याने विचारलं, "शेवटी... शेवटी एकदा तरी माझं नाव काढलं का गं त्यांनी?"

एक 'हो' पुरला असता. सहा वर्षं जिने जळत्या निखाऱ्यासारखं असत्य ओंजळीत धरलं, तिला एवढं एक अक्षर जड नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांत बघून ते ओठांवर येईना.

"नाही रे, बाळा," ती म्हणाली. "नाही काढलं."

भरल्या कचेरीत तो खाली बसला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडून रडला. हितेशशेठने मान फिरवली. प्रितेशने कागद मुकाट्याने पिशवीत घातले.

"माझ्याशी का खोटं बोललीस, ताई? मी तुला काय काय शिव्याशाप दिले..."

"दे. मला चालतात," ती त्याच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "तुला बापाशिवाय राहावं लागू नये, एवढंच वाटलं होतं रे."

करिष्माने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. नीरजाने दुसऱ्या हाताने तिला जवळ ओढलं. आणि सहा वर्षांत न रडलेली ती बाई, शिपाई पुढचा नंबर पुकारत असतानाच, ढसाढसा रडू लागली.