पांढऱ्या डोळ्यांच्या चिलापी

धाडकन दार लागलं आणि बाहेरून कडी पडली.

बर्फाच्या पेट्यांमागे लपलेले यशोधरा आणि महेंद्र एकमेकांकडे बघतच राहिले. काष्टीच्या बाजारातली मासे ठेवायची ही थंड खोली रामहरीकाकांची. आत कुणी आहे का, एवढं बघायचीही काकांना फुरसत नव्हती.

"काका माशांचं काय करतात ते लपून बघू म्हणे," महेंद्र कुरकुरला.

"रोजच्यासारखा शिंकला असतास तर काकांनी पाहिलं तरी असतं," यशोधरा म्हणाली.

दोघांनी हाका मारल्या, दार बडवलं. जाड दारातून आवाज बाहेर जाईना. मोबाईलला रेंज नव्हती. सव्वातीन वाजले होते आणि चार वाजता बनाआत्या आपल्या शेततळ्यात औषध टाकून सगळे मासे मारणार होती. तिचे चिलापी जातीचे मासे घरून निघताना ठणठणीत असायचे, पण बाजारात काकांच्या खोलीत राहून विकायला बाहेर आले की डोळे पांढरे! व्यापारी म्हणाला, "रोग हाय." आत्याने दोन वर्षं राबून जपलेलं तळं, आणि ती रात्रभर रडली होती.

खरं काय ते शोधायला मुलांनी तळ्यातल्या दोन चिलापी बादलीतून आणल्या होत्या. काकांनी मघाशी त्याही आत आणल्या आणि सवयीने बादलीत बर्फाची लादी टाकली. "गार पान्यात मासा उड्या मारत न्हाई," हे त्यांचं नेहमीचं.

"ताई, इकडे बघ," महेंद्र पुटपुटला.

बादलीतल्या चिलापींचे काळेभोर डोळे दुधाळ होत चालले होते.

"अर्ध्या तासात कसला रोग होतोय?" यशोधरा म्हणाली. "गारठ्यानं झालंय हे. हिवाळ्यात खोबरेल पांढरं पडतं ना, तसं. ऊन लागलं की पुन्हा स्वच्छ होईल."

"पण ऊन बाहेर आहे आणि आपण आत." महेंद्रची बोटं बधिर झाली होती. त्याला फार भीती वाटत होती आणि ती लपवायचं त्राणही उरलं नव्हतं.

यशोधराची नजर भिंतीवरून लोंबणाऱ्या तारेवर गेली. तिच्या टोकाला तापमान मोजायची छोटी नळी होती. खोली तापली की बाहेर घंटा वाजते, अशी फुशारकी काका सगळ्यांकडे मारायचे.

"म्हणजे खोली तापवायची नाही, नुसती ही नळी तापवायची," असं म्हणत तिने ती काखेत धरली. थंडगार नळीने अंगावर काटा आला, पण तिने सोडली नाही. थोड्या वेळाने महेंद्रने धरली.

बाहेर घंटा ठणाणली. कडी निघाली.

"आरं, तुमी आत कवा गेल्ता?" काका पांढरेफटक पडले.

उत्तर द्यायला थांबतंय कोण! यशोधराने उन्हात येताच फोन लावला. "आत्या, औषध टाकू नकोस. आधी इथं ये."

चाराला दोन मिनिटं कमी होती. तिकडे तळ्यावर आत्याचं औषधाचं पोतं फोडूनही झालं होतं.

आत्या धापा टाकत आली, तेव्हा बादली उन्हात होती. मुलांनी बर्फ काढून साधं पाणी हळूहळू ओतलं होतं. तिघं वाकून बघत राहिली. एका चिलापीचा डोळा कडेने काळा होऊ लागला, मग दुसरा.

"रामहरी," आत्या म्हणाली, "माझ्या माशाला परत बर्फ लावायचा न्हाई. आन दार लावताना आत बघत जा."

काकांनी मान खाली घातली.

"लई हुशार हायत माझी पोरं. तळं वाचवलंत," ती म्हणाली. मग महेंद्रचे गार हात तिने आपल्या हातांत घेतले आणि घरी पोचेपर्यंत सोडले नाहीत.